प्रवेश मिळाला, शिक्षणाचे काय?

जूनचा शेवटचा आठवडा आला की विदर्भातील शाळांची दारे उघडतात. उर्वरित महाराष्ट्रात शाळा एव्हाना सुरू झालेल्या असतात. येथील उन्हाने मुलांना मिळवून दिलेली ती पंधरवड्याची जादा सुटी होय. नागपूरच्या रस्त्यांवर पुन्हा स्कूलबस आणि ऑटोरिक्षा धावू लागतात, महाल-इतवारीतील वह्या-पुस्तकांच्या दुकानांत गर्दी उसळते. या सार्वत्रिक लगबगीत काही आईबाप असे असतात की, ज्यांच्या हाती मुलाच्या दप्तराबरोबर एक जाडजूड फाईलही असते. मेडिकलच्या किंवा मेयोच्या रांगेत उभे राहून मिळविलेले प्रमाणपत्र, मानसतज्ज्ञाचा अहवाल, मागच्या शाळेचा शेरा आणि शिक्षणविषयक कायद्याच्या दोन-चार कलमांची छायाप्रत असा ऐवज त्या फाईलमध्ये असतो. त्यांचे मूल दृष्टीने वा श्रवणशक्तीने अधू असते, कधी स्वमग्न, कधी सेरेब्रल पाल्सीने जखडलेले, तर कधी बाहेरून पाहता पूर्ण धडधाकट, परंतु अक्षरांशी झुंजणारे असते.

अशा मुलाला आज शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कायदा स्पष्ट आहे आणि बहुतेक मुख्याध्यापकांना तो माहीतही आहे. खरा प्रश्न प्रवेशानंतर सुरू होतो. पहिला महिना सरतो, आणि ‘याला वर्गात बसवत नाही’, ‘परीक्षेच्या दिवशी नाही आणले तरी चालेल’, ‘याच्यासाठी वेगळी शाळा बरी’ अशी वाक्ये सौम्य सुरात कानी पडू लागतात. मूल हजेरीपटावर असते. पण वर्गाच्या व्यवहारात नसते. त्याची बाजू मांडणारे कोणी असेल तर ते टिकते, नसेल तर हळूहळू गळते. ही बाजू मांडण्याचे काम आज सर्वस्वी पालकांवर, त्यातही आईवर, सोपविलेले आहे. सार्वजनिक कर्तव्याचा भार अशा रीतीने एका कुटुंबाच्या खांद्यावर ढकलणे न्यायाचे आहे काय, आणि समाजाला ते परवडणारे तरी आहे काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

नावे बदलत गेली

या प्रश्नाची जाण नवी नाही. १९४४ च्या सार्जंट अहवालाने, आणि पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, अपंग मुलांना शक्य तेथवर सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, असे सुचविले होते. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरच्या मातीत कार्य केलेले जे. पी. नाईक. ही गोष्ट केवळ भूतदयेची नसून उपयुक्ततेचीही आहे, अशी आयोगाची भूमिका होती. १९७४ मध्ये केंद्र सरकारने एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. ती आरंभी समाजकल्याण खात्याकडे होती व १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. १९९५ चा अपंगांसाठीचा कायदा १९९६ च्या फेब्रुवारीत अमलात आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अपंग मुलांचा समावेश ‘वंचित गटा’त झाला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या. त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही अंतर्भाव आहे.

या अर्धशतकात ‘अपंग’ हा शब्द मागे पडला, ‘विकलांग’ आला, ‘विशेष गरजा असलेले मूल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि आता ‘दिव्यांग’ हे नाव सरकारी झाले. नाव बदलण्यास खर्च येत नाही. वर्ग बदलण्यास येतो. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रातील संख्या २९ लाख ६३ हजार इतकी नोंदली गेली. पाच ते एकोणीस या वयोगटातील अपंग मुलामुलींपैकी शिक्षणसंस्थेत जाणाऱ्यांचे प्रमाण ६१ टक्के होते. २७ टक्के मुलांनी शाळेची पायरी कधीच चढली नव्हती. २०१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सात वर्षांवरील अपंग व्यक्तींतील साक्षरता ५२ टक्क्यांच्या आसपास आढळली. सोनूबाईच्या हाती कथलाचा वाळा तो हाच.

बाजू मांडणाऱ्या माता

महाराष्ट्रात या क्षेत्रात जे काही उभे राहिले, त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. बहुतेक ठिकाणी आरंभ शासनाने केला नाही. तो आईने केला. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची शाळा काढली, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला सामावून घेणारी शाळा देशात नव्हती. नाशिकमध्ये १९७७ साली ‘प्रबोधिनी’ची शाळा उभी करणाऱ्या रजनी लिमये स्वतः सर्वसाधारण शाळेतील शिक्षिका होत्या आणि मतिमंद मुलाच्या आई होत्या. अलूर यांच्या संस्थेने पुढे, नव्वदीच्या दशकाअखेरीस, आपल्याच विशेष शाळांपुरते न थांबता मुलांना सर्वसाधारण शाळांत पाठविण्याची दिशा धरली, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांनी वेगळ्या शाळा उभारल्या, त्यांनाच वेगळेपणाची मर्यादा प्रथम जाणवली.

परदेशातही चित्र फार वेगळे नव्हते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील पालकसंघटनेने न्यायालयात धाव घेतली, आणि त्या व तशा निकालांच्या पाठोपाठ १९७५ चा कायदा आला. त्या कायद्याचे मर्म प्रवेशात नव्हते. प्रत्येक अपंग मुलासाठी लेखी, वैयक्तिक शिक्षण-आराखडा करावा आणि तो करताना पालकांना बरोबर बसवावे, या सक्तीत होते. इटलीने १९७७ मध्ये सर्वसाधारण शाळांतील वेगळे वर्गच मोडीत काढले, साहाय्यक शिक्षक दिले आणि ज्या वर्गात असे मूल आहे त्या वर्गाची पटसंख्या वीसवर मर्यादित केली. १९७८ च्या ब्रिटनमधील वॉर्नक समितीने तर असे दाखवून दिले की, शालेय जीवनात केव्हा ना केव्हा जादा साहाय्याची गरज भासणारी मुले पाचांत एक इतकी असू शकतात. म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा नाही. आज शेजारच्या मुलाचा आहे, तो उद्या आपल्या मुलाचाही असू शकतो.

मग ज्या मुलाला आईच नाही, त्याने काय करावे? अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभराहून अधिक अपंग मुलांना आपले नाव दिले आणि बापाच्या नात्याने त्यांची बाजू मांडली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान उचितच होता. परंतु प्रत्येक तालुक्याला एकेक शंकरबाबा मिळेल, या भरवशावर राज्याची शिक्षणव्यवस्था चालविता येणार नाही.

अक्षरांची अडचण

डोळ्यांना दिसणाऱ्या व्यंगाविषयी समाजाला निदान दया तरी वाटते. न दिसणाऱ्या अडचणीच्या वाट्याला मात्र शिव्याच येतात. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘दगड’ हे मराठी शाळांतील जुने किताब ज्यांना मिळाले, त्यांतील कितीतरी मुले अध्ययन अक्षम असतील. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला तेव्हा अनेक घरांत या विषयाला प्रथमच नाव मिळाले.

मराठी माध्यमातील मुलाची अडचण इंग्रजी माध्यमातील मुलाच्या अडचणीहून काहीशी निराळी असते. देवनागरीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ बराच चांगला असतो; त्यामुळे आपल्याकडे हा दोष नसतोच, असा एक सुखद गैरसमज आहे. वस्तुतः बाराखडी, जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ हा सारा पसारा पूर्णपणे हाताखाली येण्यास सामान्य मुलालाही चौथी-पाचवी उजाडते. अध्ययन अक्षम मूल ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत अडखळते, मात्रा गाळते, जोडाक्षर फोडते, आणि फळ्यावरचे उतरवून घेता घेता तास संपतो. तोंडी विचारले तर तेच मूल अचूक उत्तर देते. शिक्षकाला हा आळस वाटतो, पालकांना हट्ट वाटतो, आणि मुलाला स्वतःला तो आपला अपराध वाटू लागतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड, इंग्रजी यांबरोबर मराठीतही या दोषाच्या चाचणीची साधने तयार केली आहेत. ती प्रत्येक शाळेपर्यंत पोहोचविणे अवघड नाही.

निदानाला उशीर होण्याची किंमत आता वाढली आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच देण्याचे ठरले. दुसरीकडे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियम केले. फेरपरीक्षेतही जे मूल उत्तीर्ण होणार नाही, ते त्याच वर्गात राहील. तिसरीत ज्याची अडचण कोणी ओळखली नाही, असे मूल पाचवीत नापास ठरणार आणि त्या नापाशीचे खरे कारण प्रगतिपुस्तकात कोठेच उमटणार नाही.

घरचा आणि सरकारचा हिशेब

अशा मुलांसाठी जादा शिक्षक, जादा साधने द्यायची म्हटली की पहिला आक्षेप खर्चाचा येतो. हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही खर्च परवडणार नाही आणि लोकांची तशी मागणीही नाही, हेच सांगितले गेले. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पाचच वर्षांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून दाखविले. संस्थानाची तिजोरी साम्राज्याच्या तिजोरीहून मोठी नव्हती. इच्छा मोठी होती.

खर्चाचा विचार करायचाच, तर तो पुरता करावा. सरकारी अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च हा खर्चच नव्हे, असे मानणे हा हिशेबाचा दोष आहे. समजा, एखादी आई मुलाबरोबर शाळेत थांबावे लागते म्हणून महिना १५,००० रुपयांची नोकरी सोडते. वर्षाला हे नुकसान १,८०,००० रुपयांचे झाले. त्यात दररोजचे १०० रुपये ऑटोभाडे धरले, तर शाळेच्या २०० दिवसांचे २०,००० रुपये होतात. एकूण दोन लाख. अशी दहा कुटुंबे घेतली आणि त्यांपैकी निम्म्याच आयांनी काम सोडले असे मानले, तरी नोकरीचे व भाड्याचे मिळून वर्षाचे नुकसान अकरा लाखांवर जाते. याउलट, या दहा मुलांसाठी महिना ४०,००० रुपये वेतनावर एक विशेष शिक्षक नेमला, तर वर्षाचा खर्च ४,८०,००० रुपये होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ते कमीअधिक करून पाहावेत. निष्कर्ष सहसा बदलत नाही. समाज पैसा वाचवीत नाही. तो फक्त सरकारच्या वहीतून काढून आईच्या वहीत लिहितो.

यापुढील तोटा तर याहून मोठा आहे. जे मूल शिकू शकले असते पण शिकले नाही, ते प्रौढपणी कमावत नाही, कर भरत नाही आणि त्याला सांभाळण्यासाठी घरातील आणखी एका माणसाचे श्रम अडकून पडतात. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, अपंगांना अर्थव्यवहारातून वगळल्यामुळे होणारे नुकसान दहा अल्प व मध्यम उत्पन्न देशांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन ते सात टक्के इतके आढळले. आणि आपण खर्च किती करतो? समग्र शिक्षा योजनेत अशा विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. म्हणजे दिवसाला दहा रुपयेही नव्हेत. मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने, असा जो भत्ता आहे तो वेगळा.

इतर मुलांचे काय?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. एका मुलाकडे लक्ष देताना उरलेल्या पन्नासांचे नुकसान होते, असे शिक्षक व इतर पालक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु दोष मुलाचा नसून पन्नासांचा आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलेले आहे. ते पाळले जात नाही, तेथे सर्वांचेच नुकसान होत असते. अपंग मुलामुळे ते फक्त उघडे पडते. सावकाश बोलणे, फळ्यावर मोठे लिहिणे, एक गोष्ट तीन तऱ्हांनी समजावणे, लेखीबरोबर तोंडी उत्तरालाही मान देणे, या गोष्टी एका मुलासाठी म्हणून सुरू होतात आणि मागच्या बाकावरील दहाजणांचा त्यांत फायदा होतो. मूक राहणारी ती दहा मुले कधी तक्रार करीत नाहीत, एवढेच.

शिक्षकांचीही बाजू आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहिती भरणे या ओझ्याखाली वाकलेल्या शिक्षकाला ‘आता हेही करा’ एवढेच सांगणे म्हणजे हात बांधून पोहण्याची आज्ञा देणे होय. सर्वसाधारण शिक्षकाच्या पदविकेत या विषयाची ओळख होते, सराव होत नाही. विशेष शिक्षकाचे प्रशिक्षण वेगळ्या परिषदेच्या अखत्यारीत चालते. दोघे एकमेकांना भेटतात ते नोकरीत, आणि तेही क्वचितच.

विशेष शाळांविषयीही आततायी भूमिका घेण्याचे कारण नाही. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे सवंगडी लागतात; ब्रेल शिकण्यासाठी अंध मुलाला काही काळ निराळी सोय लागते; तीव्र व बहुविध अपंगत्व असेल तर घरी राहून शिकण्याचा हक्कही कायद्याने दिलेला आहे. प्रश्न निवडीचा आहे. २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. विशेष शाळा ही मुलाची पसंती असावी. सर्वसाधारण शाळेने हात झटकल्यामुळे उरलेला एकच मार्ग असू नये.

दोन खात्यांमधील मूल

शासनाच्या रचनेतही एक अडचण आहे. विशेष शाळा एका खात्याच्या, सर्वसाधारण शाळा दुसऱ्या खात्याच्या. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते स्थापन केले. त्याचे स्वागतच झाले. तथापि सर्वसाधारण शाळेत बसलेले अपंग मूल शालेय शिक्षण खात्याकडेच राहिले. त्याचे प्रमाणपत्र आरोग्य खात्याकडून, सवलत परीक्षा मंडळाकडून, उपकरण आणखी कोणाकडून. नागपुरात धंतोलीच्या यशवंत स्टेडियममध्ये केंद्र सरकारचे अपंग पुनर्वसनाचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, आणि त्याच परिसरातून दरवर्षी हिवाळी अधिवेशनावर मोर्चे निघतात. सेवा आणि संताप यांचा पत्ता एकच असावा, हा योगायोग पुरेसा बोलका आहे. दाद मागायची तर राज्याच्या अपंग आयुक्तांचे कार्यालय पुण्याला, म्हणजे सातशे किलोमीटर दूर.

विशेष शिक्षकांचे गणित तर याहून कठीण आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. ते पुरेसे पाळले गेले नाही, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला सर्व राज्यांना पदे निश्चित करून भरण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले. महाराष्ट्राने २०२४ साली केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांच्या दृष्टीने तो मोठाच दिलासा होय. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. शिक्षकाने रोज एक शाळा गाठली, तरी एका शाळेत त्याची दुसरी फेरी येईपर्यंत दोन-तीन आठवडे लोटतात. वर्षभरात त्या मुलाच्या वाट्याला मोजकेच दिवस येतात.

आठवीनंतरची दरी हा आणखी एक मुद्दा. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचा लाभ वंचित गटातील मूल म्हणून अपंग मुलालाही मिळतो. २०२४ साली सरकारी शाळेजवळच्या खाजगी शाळांना या बंधनातून मुक्त करणारा नियम राज्याने केला होता. उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास बाध आणला नाही. तरीही हे संरक्षण आठवीपर्यंतचेच आहे. नववीत फीची मागणी होते आणि दहावीच्या शंभर टक्के निकालाची चिंता डोकावते. मग मुक्त विद्यालयाचा सल्ला मिळतो. मुक्त विद्यालय ही चांगली सोय आहे. पण जी सोय म्हणून निर्माण झाली, ती मागच्या दाराने बाहेर काढण्याची वाट बनू नये.

करण्याजोगे काय आहे?

पहिली गोष्ट, प्रत्येक अशा मुलासाठी लेखी वैयक्तिक आराखडा करणे आणि त्यावर पालकांची सही घेणे. समग्र शिक्षा योजनेत असे आराखडे कागदोपत्री आहेतच. ते पालकांच्या हाती पडले पाहिजेत. या सत्रात मूल काय शिकणार, कोण शिकविणार, परीक्षा कशी घेणार, एवढे एका पानावर असले तरी पुरे. तोंडी आश्वासन मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर बदलते, लिहिलेले टिकते.

दुसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. २०१२ पासून अपंग मुले त्या गटात आहेत. तेव्हा त्यांच्या पालकांना समितीत बसण्याचा हक्क आहे, आणि तो फारच थोड्या पालकांना ठाऊक आहे. खोलीबाहेर ताटकळणारी आई समितीच्या बैठकीत सदस्य म्हणून बसली, की संभाषणाचा सूर आपोआप बदलतो.

तिसरी गोष्ट, सवलतींची माहिती. जादा वेळ, लेखनिक, द्वितीय-तृतीय भाषेतून सूट अशा तरतुदी २०१६ च्या कायद्यातच आहेत. तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याचे केंद्राचे मार्गदर्शन आहे. २०२१ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत एका लेखन-अक्षम विद्यार्थिनीला हा वेळ नाकारला गेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने, सवलत हा उपकार नसून हक्क आहे, हे परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला समजावले. दहावीच्या अर्जाच्या वेळी धावाधाव करण्याऐवजी तिसरीतच या वाटेची पालकांना कल्पना देणे शाळेचे काम आहे. अध्ययन अक्षमता लवकर ओळखण्याची जबाबदारी कायद्याच्या सोळाव्या कलमाने मान्यताप्राप्त शाळांवरच टाकलेली आहे, खाजगी शाळांवरही.

चौथी गोष्ट, दाद मागण्याची जवळची जागा. शिक्षणहक्क कायद्यानुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली, तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो व पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. नागपूर महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी महिन्यातून एक दिवस शिक्षण, आरोग्य व दिव्यांग कल्याण या तिन्ही खात्यांचे अधिकारी एका टेबलाशी बसवावेत आणि पालकांची फाईल तेथेच निकालात काढावी. यास नवा कायदा लागत नाही, नवे अंदाजपत्रक लागत नाही; एक आदेश लागतो.

आणि पाचवी गोष्ट सरकारकडे मागण्याची नाही. इतर मुलांच्या पालकांनी आपल्या मुलाच्या वर्गात असे मूल आहे, ही तक्रारीची बाब मानणे थांबविले पाहिजे. दहा वर्षे ज्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्याच्याविषयी पुढे कार्यालयात, बँकेत, रेल्वेच्या डब्यात परकेपणा वाटत नाही. हे शिक्षण पाठ्यपुस्तकातून देता येत नाही.

शिक्षणाचा हक्क कागदावर येण्यास गोखल्यांच्या विधेयकापासून जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या हक्काच्या दारातून आत आलेल्या मुलाला वर्गात खऱ्या अर्थाने बसविण्यासाठी आणखी शंभर वर्षे थांबण्याची सोय नाही. मूल तोवर मोठे होऊन गेलेले असते. त्याची बाजू मांडणे हे आईचे काम आहेच. पण ज्या व्यवस्थेत आईला रोज वकील व्हावे लागते, त्या व्यवस्थेत शाळा प्रतिवादी झालेली असते. शाळेने ती जागा सोडून मुलाच्या बाजूला येऊन उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.